कोमाद्रेच्या पर्समधलं कार्ड

सान पेद्रो दे माकोरीसच्या सरकारी इस्पितळात तळमजल्यावर धुलाईखाना आहे, आणि त्या धुलाईखान्यात एरिदानिया पेगेरोच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. मुकादमानं एकदा चादरी कमी धुतल्या म्हणून सगळ्या बायांची सकाळची कॉफी बंद केली, तर हिनं ओल्या चादरींचा ढीग त्याच्या टेबलावर नेऊन आपटला आणि म्हणाली, "घ्या, मोजा. आणि मोजून झाल्या की पिळून द्या." नवरा, रादामेस, दुसऱ्या बाईबरोबर इगुए गावी राहायला गेला तेव्हा बाकीच्या बायका करतात तसे तिनं त्याचे कपडे रस्त्यावर फेकले नाहीत. धुतले, इस्त्री केली, घड्या घातल्या, बस पकडून त्या दुसरीच्या दारात नेऊन दिले आणि वर सांगितलं, "उद्यापासून हे काम तुझं." अशी बाई.

आणि हीच बाई दर महिन्याच्या पंचवीस तारखेला स्वतःच्याच पगारासाठी एका सावकारणीच्या पडवीत खाली मान घालून बसायची. सहा वर्षं! सांगतानासुद्धा संताप येतो.

ही सावकारीण म्हणजे सुनिल्दा मार्मोलेहोस. वयानं दहाएक वर्षं मोठी, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी, कायम इस्त्रीच्या पांढऱ्या ब्लाउजात. एरिदानियाची मुलगी युदेर्का, तिला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलं ते सुनिल्दानं. म्हणजे ती पोरीची धर्ममाता, आणि तेव्हापासून या दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. हे नातं बहिणीपेक्षा अवघड. बहिणीशी भांडता येतं, चार दिवस अबोला धरता येतो. कोमाद्रेला उलट बोललं तर गल्लीतली म्हातारी माणसं असं बघतात की जणू तुम्ही चर्चच्या पायरीवर थुंकलात.

सुनिल्दा व्याजानं पैसे द्यायची. महिन्याला शेकडा वीस. कागद नको, जामीन नको, सोनं नको. फक्त बँकेचं कार्ड आणि त्याचे चार आकडे. पगाराच्या दिवशी ती स्वतःच मशीनवर जाणार, तुमचा पगार काढणार, आपलं व्याज कापणार आणि उरलेलं पाकिटात घालून तुम्हाला देणार. आपल्या इथं यात कुणाला वावगं वाटत नाही. नर्सांची कार्डं तिच्याकडे, शाळेत झाडू मारणाऱ्यांची तिच्याकडे, दोन पोलिसांचीसुद्धा तिच्याकडे. घराची किल्ली शेजारी ठेवावी तसं लोक आपलं कार्ड तिच्याकडे ठेवून यायचे आणि वर तिचे आभार मानायचे.

एरिदानियानं कार्ड दिलं ते आईसाठी. आई गेली सहा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत. मातीचं कसंबसं निभावलं, पण नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला गल्ली जेवायला येते. कॉफी हवी, आल्याचा चहा हवा, पाव आणि चीज हवं, दुपारी भात आणि बकऱ्याचं मटण हवं, बसायला भाड्याच्या खुर्च्या हव्यात. जो आयुष्यात कधी आईची विचारपूस करायला फिरकला नाही तोसुद्धा त्या दिवशी दोनदा वाढून घेतो आणि मटणात मीठ कमी पडलं म्हणतो. नाही केलं तर म्हणतात, पोरीनं आईला कुत्र्यासारखं पुरलं. तेव्हा पंधरा हजार पेसो घेतले.

"आपल्यात कसला हिशेब, कोमाद्रे," सुनिल्दा तेव्हा म्हणाली होती, आणि कार्ड पर्समध्ये टाकून पर्सची चेन ओढली होती.

त्यानंतर एरिदानियानं आपलं कार्ड पाहिलं नाही. महिन्याला तीन हजार व्याज गेलं की पाकिटात जे उरायचं ते पंधरा तारखेच्या आतच संपायचं. मग पुन्हा सुनिल्दाच्या पडवीत. "कोमाद्रे, हजार हवे होते." ते हजारही पुढच्या पगारातून व्याजासकट कापले जायचे. म्हणजे एरिदानियाचा पैसा, एरिदानियालाच, आणि त्यावर व्याजही एरिदानियाचंच. गाढवाच्या लक्षात येईल अशी गोष्ट, पण गाढवाला कोमाद्रे नसते.

आणि पैसे नुसते मिळायचे नाहीत, त्याच्याबरोबर उपदेश मिळायचा. "केस रंगवलेस वाटतं? त्याला बरे पैसे असतात." "सलामीचं मांस कशाला रोज? अंडी खा, स्वस्त पडतात." "विजेचं बिल एवढं कसं येतं गं? पंखा लावून झोपता का दोघी?" धुलाईखान्यात कुणी असं विचारलं असतं तर त्याच्या तोंडावर ओलं फडकं बसलं असतं. इथं मात्र एरिदानिया म्हणायची, "हो कोमाद्रे, खरंय तुमचं." घरी येताना रस्त्यानं ती एकटीच पुटपुटत यायची, दगडांना लाथा मारायची, आणि घरात शिरल्यावर युदेर्कावर ओरडायची की पंखा कशाला लावलास.

एकदा सुटायची संधी आली होती, ती तिनं स्वतःच्या हातानं घालवली. धुलाईखान्यातल्या बायांनी भिशी लावली होती. एरिदानिया रविवारी लोकांचे कपडे इस्त्री करून तिचा हप्ता भरायची. तिचा नंबर लागला, पंधरा हजार हातात आले, आणि ती तशीच, कामाचा एप्रनही न काढता, सुनिल्दाकडे गेली. "घ्या कोमाद्रे. मुद्दल."

सुनिल्दानं पैशांना हातसुद्धा लावला नाही. पाहुण्यांसाठीच्या कपात कॉफी आणली. बसवलं. "वेडी का तू? मी मागितले का? तुझा फ्रिज बंद पडलाय ना? पोरगी गरम पाणी पिते. आधी फ्रिज घे. मुद्दल कुठं पळून जातंय? मला नुसतं व्याज देत जा, तेवढं पुरे."

आणि ही बया हरखली! कोमाद्रे किती मोठ्या मनाची, म्हणून तिचे डोळे भरून आले. फ्रिज घेतला, गल्लीत कौतुक सांगितलं. ज्याला मुद्दल नको असतं त्याला तुम्ही हवे असता, एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यात शिरायला पुढं तीन वर्षं गेली.

शिरली ती दातापासून. या ऑक्टोबरात तिची दाढ ठणकायला लागली. दाताच्या डॉक्टरनं सांगितलं, भरून घेतली तर वाचेल, दोन हजार लागतील. ती पडवीत गेली, गाल धरून.

"दोन हजार? एका दातासाठी?" सुनिल्दा म्हणाली. "अगं, तुझं वय काय, माझं वय काय. या वयात दात भरत नाहीत, काढतात. काढायला दोनशे लागतात. हे घे दोनशे."

एरिदानियानं दाढ काढून घेतली. चांगली, मुळं घट्ट असलेली दाढ. डॉक्टरला ती काढताना घाम फुटला. ती रुमालात रक्त थुंकत बसस्टॉपवर उभी राहिली तेव्हा पहिल्यांदा तिच्या मनात आलं, की माझी दाढ ठेवायची का काढायची हे ठरवणारी ही कोण? विचार आला आणि गेला नाही. जेवताना जीभ त्या खड्ड्यात गेली की परत यायचा.

मग आली मिगेलिना. धुलाईखान्यात नवीनच लागलेली, पंचविशीतली, कानात सदा गाणी. डिसेंबरच्या सुरुवातीला बाया दुप्पट पगाराची वाट बघत होत्या. वर्षअखेरीला आपल्याला एक जादा पगार मिळतो, त्यावर सगळ्यांचा नाताळ उभा असतो. मिगेलिना चादरी घड्या करता करता म्हणाली, "वाढीमुळे या वेळी दुप्पटही जास्त येईल ना."

"कसली वाढ?" एरिदानियानं विचारलं.

"मार्चची. दोन हजारांची."

"ती नर्सांची होती."

"कोण म्हणालं? सगळ्यांची होती. मला येते की. मशीनमध्ये दिसतं."

बाकीच्या बायांनी हातातल्या चादरी खाली ठेवल्या. त्या बायांतल्या निम्म्यांची कार्डं कुणा ना कुणाकडे होती. कुणाचं सुनिल्दाकडे, कुणाचं बाजारातल्या तिच्यासारख्याच दुसऱ्या एकाकडे. पगारवाढ झाल्याचं सगळ्यांनी रेडिओवर ऐकलं होतं, आणि ती नर्सांची आहे हे सगळ्यांना ज्यांनी त्यांचा पगार काढला त्यांनीच सांगितलं होतं.

एरिदानिया एप्रननं हात पुसत वर पगार खात्यात गेली. तिथल्या कारकुनानं पडद्याकडे पाहून, इथं बाईमाणसाला मानानं म्हणतात तसं ‘दोन्या’ म्हणत सांगितलं, "मार्चपासून, दोन्या. का, मिळत नाही का?"

"मिळते," ती म्हणाली. "दुसरीला."

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणजे काय हे तिला जिना उतरताना कळलं. तरी एक शेवटची आशा म्हणून, किंवा खरं तर किती खोटं बोलते ते ऐकावं म्हणून, ती संध्याकाळी पडवीत गेली. सुनिल्दा युदेर्कासाठी नाताळचं फ्रॉकचं कापड बघत बसली होती. दर वर्षी द्यायची. युदेर्का आता एकोणीस वर्षांची, सप्टेंबरपासून कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर लागलेली, पण धर्ममातेचं कापड चुकायचं नाही.

"कोमाद्रे, ती मार्चमधली वाढ आम्हाला पण होती का हो?"

सुनिल्दाची मान वरसुद्धा झाली नाही. "छे गं. ती नर्सांची. तुम्हाला कोण देतंय? हा निळा बरा की हा गुलाबी?"

"निळा," एरिदानिया म्हणाली आणि घरी आली. घरी येऊन तिनं एका बशीचे दोन तुकडे केले, आणि मग ते तुकडे तिलाच झाडून काढावे लागले म्हणून आणखी चिडली.

तुम्ही म्हणाल, मग त्याच क्षणी तिथं का नाही बोलली? बोलली असती तर काय झालं असतं? कार्ड पर्समध्येच राहिलं असतं. कार्ड बदलता येतं हे इथं सगळ्यांना माहीत आहे. पण जी बदलते तिला ‘प्लास्टिक बदलणारी’ म्हणतात, आणि ते नाव चोरणीपेक्षा वाईट. कोपऱ्यावरचा दुकानदार उधारी बंद करतो. उद्या पोरगी आजारी पडली तर कुणी शंभर पेसो देत नाही. सुनिल्दानं अशा दोघींची नावं चर्चच्या दारात उभं राहून घेतली होती, आणि त्यातली एक गल्ली सोडून गेली. एरिदानियाला भीती होती ती याची. पण दुप्पट पगार पुन्हा त्या पर्समध्ये गेला तर आपण मरेपर्यंत तिथंच बसणार, हेही तिला आता स्वच्छ दिसत होतं. एवढाच एक पगार होता ज्यातून मुद्दल एकरकमी फेकता येणार होतं.

दुसऱ्या दिवशी ती ओळखपत्र घेऊन बँकेत गेली. टायवाला एक पोरगा समोर बसला होता.

"कार्ड हरवलं की चोरीला गेलं?"

"दोन्ही नाही. माझ्या कोमाद्रेच्या पर्समध्ये आहे."

पोरानं इकडे तिकडे पाहिलं, आवाज खाली केला. "दोन्या, हरवलं म्हणा."

"पण हरवलं नाही ना."

"मला माहीत आहे कुठं आहे ते. आठवड्याला पाच-सहा बायका येतात. हरवलं म्हणा, म्हणजे मला लिहिता येईल."

"बरं बाबा, हरवलं," एरिदानिया म्हणाली. "लिही, सहा वर्षांपूर्वी हरवलं."

त्यानं सही घेतली, थोडे पैसे कापून घेतले, नवीन चार आकडे तिलाच टाकायला सांगितले, आणि कार्ड तिच्या हातात दिलं. झालं. तिला वाटलं होतं साहेब बोलावतील, वकील लागेल, सुनिल्दाला विचारतील. कॉफी गार व्हायला लागतो तेवढा वेळ लागला. बँकेच्या दारात ती उभी राहिली आणि तिला रडू नाही आलं, हसूही नाही आलं. तिला कुणाला तरी मारावंसं वाटलं, आणि ज्यांना मारावंसं वाटलं त्यांत पहिला नंबर तिचा स्वतःचा होता.

त्यानंतर पगार होईपर्यंत तोंडाला कुलूप. ज्या बाईनं आयुष्यात एक वाक्य गिळलं नव्हतं तिनं एवढी मोठी गोष्ट गिळून धरली. धुलाईखान्यात ती चादरी अशा आपटायची की मुकादम लांबून जायचा.

पगार नाताळच्या आधी आला, दोन्ही एकदम. त्या दिवशी उजाडायच्या आत एरिदानिया पेट्रोलपंपाजवळच्या मशीनवर गेली आणि सगळे पैसे काढले. मशीननं एकदाही विचारलं नाही की केस का रंगवलेस. पंधरा हजार वेगळे करून तिनं हातात धरले, बाकीचे छातीशी खोवले. आता घरी जायला हरकत नव्हती. मुद्दल संध्याकाळी पडवीत नेऊन देता आलं असतं. पण पडवीत गेलं की कॉफी येणार, पाहुण्यांचा कप येणार. ती थेट बँकेसमोर गेली, जिथं सुनिल्दा असते.

सुनिल्दाचा पगाराच्या दिवशीचा थाट ठरलेला. बँकेचा पहारेकरी तिच्यासाठी मशीनजवळ जागा धरून ठेवायचा, त्याला ती कॉफी आणि दोनशे पेसो द्यायची. घरून आणलेलं लाकडी स्टूल, शेजारी थर्मास, मांडीवर पर्स आणि पर्समध्ये रबरबँड लावलेली कार्डांची चळत. प्रत्येक कार्डाला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर नाव आणि चार आकडे. तिच्यामागं रांग खोळंबायची. ती एकेक कार्ड घालणार, पैसे काढणार, मोजणार, पाकिटात भरणार, आणि रांगेतले लोक मुकाट बघणार, कारण रांगेतल्या बऱ्याच जणांना तिची कधी ना कधी गरज पडलेली.

एरिदानिया आली तेव्हा सुनिल्दाच्या हातात तिचंच कार्ड होतं. तिनं ते घातलं. मशीननं बाहेर टाकलं. पुन्हा घातलं. पुन्हा टाकलं.

"घाण झालंय वाटतं," सुनिल्दा म्हणाली आणि ब्लाउजच्या बाहीला कार्ड पुसायला लागली.

"घाण नाही झालं," एरिदानिया मागून म्हणाली. "मेलंय ते."

सुनिल्दा वळली. आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग हातातल्या नोटांकडे. हिशेबात हुशार बाई, एका क्षणात समजली. "प्लास्टिक बदललंस?" ती म्हणाली, आणि मग रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, "माझ्याशी? मी तुझ्या आईच्या मयताला उभी राहिले, तुझी पोर हातात धरली, आणि तू प्लास्टिक बदललंस?"

"हो, बदललं. आणि हे पंधरा हजार. तुझं मुद्दल. घे." तिच्या तोंडून ‘तू’ निघून गेलं आणि दोघींनाही ते ऐकू आलं.

सुनिल्दाचा आवाज लगेच लोण्यासारखा झाला. "अगं, हे काय करतेस चारचौघांत? नाताळ आलाय. डुक्कर भाजायचं नाही का? पोरीला काही घ्यायचं नाही? ठेव ते. आपण घरी बसून बोलू."

"मला नाही बसायचं. बसून बसून सहा वर्षं गेली. माझ्या आईच्या नवव्या दिवसाचं जेवण उधारीवर राहायला नको म्हणून देतेय, नाहीतर एवढं व्याज घेतलंस की त्यात तिला चारदा पुरता आलं असतं. घे म्हणते ना!"

"मला नकोत."

रांगेतून कुणीतरी खो-खो हसलं. पांढऱ्या कपड्यातली एक नर्स म्हणाली, "घ्या की दोन्या! घेतलेलं परत देतेय ती. सावकाराला पैसे नकोत, हे आम्ही पहिल्यांदा ऐकतोय."

सुनिल्दा तडकन उठली, स्टूल कलंडलं, मांडीवरची पर्स खाली पडली आणि रबरबँड तुटून कार्डं फरशीवर पसरली. एरिदानिया वाकली. आयुष्यभर खाली पडलेलं उचलायचीच सवय. आणि उचलता उचलता तिच्या हातात एक नवंकोरं कार्ड आलं. पट्टीवर सुनिल्दाच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘युदेर्का’.

क्षणभर तिला वाटलं, गल्लीत दुसरी कुणी युदेर्का असेल. मग तिनं कार्डावरचं छापील नाव वाचलं.

"हे काय आहे?"

"ती सज्ञान आहे," सुनिल्दा म्हणाली. आता तिला जोर चढला. "मी मागायला नाही गेले. स्वतःच्या पायानं आली, स्वतःच्या हातानं दिलं. फोन घ्यायला दहा हजार नेले. तुझं तू घेऊन जा, तुझा-माझा हिशेब मिटला. धर्मलेकीचा हिशेब माझ्याकडे राहील."

एरिदानियाच्या डोळ्यांपुढं लाल झालं. रांगेला वाटलं, आता ही हिचे केस धरणार. बँकेचा पहारेकरी दोन पावलं पुढं आला. पण ती ओरडली नाही, आणि तिला ओळखणाऱ्यांना त्याचीच जास्त भीती वाटली.

"मार्चपासून माझी वाढ आली," ती म्हणाली. "महिन्याला दोन हजार. नऊ महिने तू ती खाल्लीस. अठरा हजार होतात. त्यातून पोरीचे दहा वळते कर आणि बाकीचे आठ चर्चला दे."

"कसली वाढ?" सुनिल्दा म्हणाली. "ती नर्सांची होती."

"नर्सांची?" मागची नर्स एकदम रांग सोडून पुढं आली. तिचा चेहरा उतरला होता. "दोन्या, तुम्ही तर मला म्हणालात ती डॉक्टरांची होती."

मग मात्र कल्ला झाला. शाळेत झाडू मारणारी एक बाई म्हणाली, "आणि आमची?" कुणी म्हणालं माझं कार्ड दाखव, कुणी म्हणालं पैसे किती निघाले ते मशीनवर दाखव, माझ्यादेखत. पहारेकऱ्यानं आपला कॉफीचा कप गुपचूप भिंतीकडे ठेवून दिला. सुनिल्दा गुडघ्यांवर बसून कार्डं गोळा करत होती आणि एक उचललं की दुसरं पडत होतं.

"ने ते," ती एरिदानियाला दात-ओठ खात म्हणाली. "ने पोरीचं, आणि तोंड काळं कर."

एरिदानियानं पंधरा हजार तिच्या उघड्या पर्समध्ये टाकले, युदेर्काचं कार्ड मुठीत धरलं आणि चालू लागली. मागं आवाज वाढतच होता. ती थांबली नाही. बाजारातून तिनं ओल्या तुरीचे दाणे घेतले, नारळ घेतला, डुकराच्या मांसाचा चांगला दोन किलोंचा तुकडा घेतला, नाताळची द्राक्षं आणि सफरचंदंही घेतली. कुणाला विचारलं नाही. खाटकाशी भावावरून भांडली आणि जिंकली. दुकानदारानं विचारलं, "उधारीवर लिहू का?" तर त्याला म्हणाली, "मागचं सगळं खोड. हे घे." घरी येईपर्यंत तिच्या अंगात असं बळ आलं होतं की सामानाच्या दोन्ही पिशव्या तिला जाणवल्या नाहीत.

संध्याकाळी युदेर्का कारखान्यातून आली. केसांत दोऱ्यांचे तुकडे, हातात नवा फोन. आईनं कार्ड टेबलावर ठेवलं आणि दिवसभर मनात घोळवलेलं सगळं तिच्यावर ओतलं. लाज नाही वाटली? फोनसाठी? सहा वर्षं मी काय भोगलं ते याच घरात राहून दिसलं नाही? डोळे कुठं होते तुझे? माझा दात गेला, तेव्हा तू बर्फ आणून दिलास ना? मला विचारायचं तरी!

युदेर्का आधी घाबरली, मग गोंधळली. तिला खरंच कळेना की आई एवढी कशावर चिडली आहे. "पण मम्मी," ती म्हणाली, "फोन तर नंतर घेतला. कार्ड मी आधीच दिलं होतं. मिळालं त्याच दिवशी. तू पण तिथंच ठेवतेस ना?"

एरिदानियानं खुर्ची ओढली आणि बसली. चुलीवर भात शिजत होता. मग तिनं कार्ड पोरीपुढं सरकवलं.

"हे घे," ती म्हणाली. "जपून ठेव."

युदेर्कानं कार्ड उचललं, आईची समजूत काढावी म्हणून मान हलवली, आणि अगदी मनापासून विचारलं, "कुणाकडे?"